पडद्यावरचा वाडा आणि शनिवार पेठेतला वाडा

पुण्यातला पेशव्यांचा शनिवारवाडा पाहायला आलेल्या पाहुण्यांची दिल्ली दरवाजा ओलांडेपर्यंत छाती दडपलेली असते. आत पाऊल टाकले, की समोर हिरवळ, दगडी जोती, कोरडे हौद आणि फुलझाडांचे वाफे. महाल कुठे आहे, हा प्रश्न मग ठरलेलाच. महाल जळाला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग जवळजवळ आठवडाभर धुमसत होती आणि आतल्या इमारतींपैकी जोत्यांवर उभे काही उरले नाही. सिनेमावाल्यांना या वाड्यात मोकळे रान मिळाले ते या आगीमुळे. जे शाबूत आहे ते दाखवताना चूक लगेच पकडली जाते. जे जळून गेले, ते हवे तसे बांधता येते.

पडद्यावरचा हा वाडा बराच जुना आहे. प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ सालचा. नारायणराव पेशव्यांचा खून आणि त्याचा न्याय हा त्याचा गाभा. प्रभातचा स्टुडिओ पुण्यातच होता, आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. म्हणजे खऱ्या वाड्यापासून थोड्याच अंतरावर पेशव्यांचा दरबार पुन्हा भरला. त्यात रामशास्त्री झालेल्या गजानन जागीरदारांनीच पुढे १९८७ मध्ये दूरदर्शनसाठी रणजित देसाईंच्या माधवराव पेशवे आणि रमाबाईंवरच्या कादंबरीवरून ‘स्वामी’ मालिका केली. मृणाल कुलकर्णींचा ‘रमा माधव’ (२०१४) पुन्हा त्याच माधवराव-रमाबाईंकडे वळला. या तिन्ही कलाकृतींत वजन माणसांचे होते. वाडा त्यांच्या मागे उभा होता.

हे समीकरण उलटले ते संजय लीला भन्साळींच्या ‘बाजीराव मस्तानी’ने (२०१५). ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर आधारलेल्या या चित्रपटात वास्तू हीच एक नायिका झाली. आरशांनी मढवलेला आईना महाल, झुंबरे, चमकती फरशी, डोळा पोचणार नाही इतकी उंच छते. कारागिरी म्हणून हे काम अव्वल होते आणि निर्मिती संकल्पनेचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. पण त्या आरशांचे माहेर पुण्यात नव्हे, आमेरच्या शीशमहालात आहे. शनिवारवाड्यात आरसे महाल होता, हे खरे. त्याच्या नावावरून पडद्यावर जे उभे राहिले ते मात्र राजपूत राजवाड्याचे वैभव होते.

वाडा खरोखर कसा होता, याची पहिली साक्ष ती आगच देते. संगमरवराचा महाल आठवडाभर जळत नाही. जळते ते सागवान. दगडी जोते, त्यावर विटांच्या भिंती आणि त्यांना पेलणारा लाकडी सांगाडा, अशी ही बांधणी. सागवान जुन्नरच्या जंगलातले, दगड चिंचवडच्या खाणींतला आणि चुना जेजुरीचा, असे सांगतात. एकाला एक लागून चौक, चौकाभोवती सोपे, वर माड्या. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले खांब, खांबांमध्ये महिरपी, कोपऱ्यांतून उलटी लोंबणारी लाकडी केळफुले, डोक्यावर कडीपाट. बसायला जाजम आणि लोड-तक्के. भपका होता, पण तो कोरीव लाकडाचा आणि रंगकामाचा होता.

याला चित्राचाही आधार आहे. १७९० साली पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने तह केला. जेम्स वेल्सने पुण्यात केलेल्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये तो प्रसंग रंगवला. दालन गणेश रंगमहालाचे. खांबांच्या रांगा आणि जमिनीवर दाटीवाटीने बसलेला दरबार त्यात स्पष्ट दिसतो. नेपथ्यकाराला याहून अधिक काय हवे?

शैलीच्या या घोळाखेरीज चित्रपटातला दुसरा घोळ काळाचा आहे. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. थोरले बाजीराव एप्रिल १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले, आणि त्या आठ वर्षांतलाही बराच काळ ते स्वारीवरच होते. तटबंदी, बुरूज, मोठे दरबारी महाल ही बरीचशी भर पुढच्या पेशव्यांची. गणेश रंगमहाल नानासाहेबांच्या कारकिर्दीतला. सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे तर सवाई माधवरावांच्या काळातले. पडद्यावर बाजीराव ज्या भरभक्कम, पूर्ण वाड्यात वावरतात, तो त्यांच्या मुला-नातवंडांनी वाढवलेला. या बाबतीत आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ (२०१९) सरस ठरतो. त्यातला काळच १७६०च्या आसपासचा, त्यामुळे नितीन चंद्रकांत देसाईंनी कर्जतच्या स्टुडिओत उभारलेला तटबंदीचा वाडा निदान त्या सालाशी जुळतो.

उलट, जे आजही जागेवर आहे त्याचा उपयोग सिनेमाला फारसा करता आलेला नाही. दिल्ली दरवाज्याच्या एकेका फळीवर बहात्तर अणकुचीदार खिळे आहेत, हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर. एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही. आधी उजवीकडे, मग डावीकडे वळते. दरवाजा फुटला तरी शत्रूला भरधाव आत घुसता येऊ नये, यासाठी ही योजना. कॅमेऱ्याला असे वळण परवडत नाही, त्याला दरवाज्यापासून सिंहासनापर्यंत सरळ नजर हवी असते. दरवाज्यावरच्या नगारखान्याचे लाकडी खांब आजही पाहता येतात. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी खून केला. त्यांचा देह ज्यातून बाहेर नेला असे सांगतात, तो नारायण दरवाजाही आहे. ही वाट आणि हा दरवाजा यांत जे नाट्य आहे, ते झुंबरांत नाही.

चित्रपट म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे, हे मान्य. पण कल्पनेला मोकळीक असली तरी तिने गावचा पत्ता बदलू नये. पेशवाई देखणी दाखवण्यासाठी तिला राजस्थानी साज चढवावा लागतो, ही समजूतच मुळात चुकीची आहे. उतरता उजेड, काळपट सागवान, अरुंद जिने आणि चौकात पडणारे ऊन यांतूनही सत्तेचा दरारा उभा राहतो. नमुने शोधायला लांब जायला नको. दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा भर पुण्यात कोरीव सज्जासह उभा आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष राजा केळकर संग्रहालयात पुन्हा उभारले आहेत. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. गोवारीकरांनीच ‘स्वदेस’चे (२००४) चित्रीकरण त्या गावात केले होते.

तेव्हा शनिवारवाड्यातल्या हिरवळीवर महाल शोधून हिरमुसलेल्या पाहुण्याला परत पाठवू नका. आधी दिल्ली दरवाज्याचे वळण पायाखालून जाऊ द्या, मग विश्रामबागवाडा आणि केळकर संग्रहालय दाखवा, सवड असेल तर मेणवलीही. पेशव्यांचा वाडा आतून कसा होता हे कळायला आजच्या घडीला कोणत्याही चित्रपटापेक्षा ही फेरी अधिक उपयोगी आहे.