पिल्लांच्या पाण्यातली बाटली नेमकं काय करते?

बारामती-इंदापूर पट्ट्यात उसाच्या, मक्याच्या शेताला लागून ब्रॉयलरचं शेड असणं आता नेहमीचंच. आत खाद्याच्या पोत्यांशेजारी दोन-चार बाटल्याही असतात: ॲमिनो ॲसिड, एन्झाइम, प्रोबायोटिक. दुकानदार सांगतो, "वजन वाढतं." खरंच वाढतं का?

आधी पिल्लाचा हिशोब बघा. एक दिवसाचं पिल्लू साधारण 40 ग्रॅमचं असतं. पाच-सहा आठवड्यांत ते 2 किलोच्या आसपास जातं. या वेगात एखादा घटक कमी पडला, की वाढ तिथेच अडते. मका-सोयापेंडीच्या खाद्यात सगळ्यात आधी कमी पडतं ते मिथिओनिन, म्हणून ते वरून घालतात. पण खाद्यात ते पुरेसं असेल, तर पाण्यातून आणखी देऊन उपयोग नाही. जादा ॲमिनो ॲसिडमधलं नत्र विष्ठेतून बाहेर पडतं. पैसे तुमचे, अमोनियाचा वास शेडमध्ये!

एन्झाइमचं काम वेगळं. धान्यातला बराचसा फॉस्फरस 'फायटेट'मध्ये अडकलेला असतो आणि कोंबडीला तो नीट सोडवता येत नाही. फायटेज एन्झाइम तो मोकळा करतं.

आता प्रोबायोटिक. गावठी कोंबडीचं पिल्लू आईमागे उकरता उकरता चांगले जिवाणू पोटात घेतं. हॅचरीतल्या पिल्लाला आईच भेटत नाही. फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी 1973 मध्ये दाखवलं, की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना दिले, तर साल्मोनेलाला आतड्यात जागा मिळणं अवघड होतं.

हे महत्त्वाचं का? कारण वाढीसाठी थोडं थोडं अँटिबायोटिक देण्याची जुनी सवय माणसांवरच उलटते. जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. युरोपीय संघाने 2006 पासून ती बंद केली. भारतात 2019 मध्ये पशुपालनात कोलिस्टिनवर बंदी आली.

मग बाटली घ्यायची की नाही? शेडमध्ये मधोमध जाळी लावा. एकाच हॅचची पिल्लं, तेच खाद्य, तेवढीच गर्दी. बाटली फक्त एका बाजूला. दर आठवड्याला वजन, खाद्य आणि मरतुक लिहा. समजा 2 किलोच्या पक्ष्याचा एफसीआर 1.7 वरून 1.6 वर आला, तर पक्ष्यामागे 200 ग्रॅम खाद्य वाचलं. 5000 पक्ष्यांमागे एक टन. बाटल्यांचा खर्च त्याहून कमी असेल तरच फायदा. एका लॉटवर भुलू नका, दोन-तीन लॉट बघा. लेबलपेक्षा तुमची वही जास्त खरं बोलेल.