मोटरचा कस

झवेरी बाजारातील सराफ सोने हाती आले की त्याच्या झळाळीवर विश्वास ठेवीत नाही. पितळही घासूनपुसून ठेवले तर सोन्यासारखे चमकते, हे त्यास ठाऊक असते. तो ते सोने कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो आणि उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस ठरवितो. सोन्याला जशी कसोटी, तशी यंत्रालाही कसोटी असते. विजेवर फिरणाऱ्या मोटरच्या अंगी किती बळ आहे, हे तिच्या आवाजावरून किंवा रंगरूपावरून कळत नाही. त्यासाठी जे साधन वापरतात, त्याला शक्तिमापक किंवा डायनामोमीटर असे म्हणतात.

गिरगावापासून थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड आहे. त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. विजेच्या सुट्या भागांची तेथे दुकानेच दुकाने आहेत. अंगठ्याएवढ्या लहान मोटरीही तेथे मिळतात. समजा, गिरगावातील एक भाऊ व त्याची धाकटी बहीण तेथे अशा मोटरी घेण्यासाठी गेली. त्यांना खोबणीतून धावणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांसाठी त्या हव्या होत्या. या खेळात लांब फळीवर वळणावळणाची खोबण असते. खोबणीच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असून त्यांतून वीज वाहते. गाडीखालची खुंटी खोबणीत अडकते, पट्ट्यांतील वीज गाडीतल्या मोटरला मिळते आणि गाडी धावू लागते. इंग्लंडमध्ये १९५७ साली स्कॅलेक्स्ट्रिक या नावाने अशा गाड्या बाजारात आल्या, आणि पुढे हा खेळ अनेक देशांत पसरला.

दुकानदाराने दोन मोटरी विद्युत्घटास जोडून दाखविल्या. पहिली बारीक सूर काढीत भिरभिरली. दुसरी तिच्या मानाने संथ होती.

“अगं, ही बघ, कशी झपाट्याने फिरते आहे! मी हीच घेणार,” भाऊ म्हणाला.

“घे तर मग, दादा. मला दुसरी चालेल,” बहीण म्हणाली.

घरी येऊन त्यांनी दोन सारख्या गाड्यांत त्या मोटरी बसविल्या आणि शर्यत लावली. संथ वाटणारी मोटर ज्या गाडीत होती, तीच पुढे गेली! भाऊ गोंधळला. त्याचे डोळे आणि कान यांनी त्याला फसविले होते का? नाही. त्याची मोटर खरोखरच अधिक वेगाने फिरत होती; परंतु तेव्हा ती रिकामी फिरत होती.

रिकामे फिरणे आणि काम करणे यांत फार मोठे अंतर आहे. दादरच्या बाजारात पहाटे भाजीच्या पाट्या वाहणारे हमाल दिसतात. एखादा हमाल रिकाम्या हाताने धावत सुटला, तर त्याचा वेग सर्वांत अधिक भरेल. पण त्याच्या हातून माल मुळीच वाहिला जाणार नाही. उलट, त्याच्या डोक्यावर पेलणारच नाही एवढे ओझे दिले, तर तो जागचा हलणार नाही, आणि तेव्हाही माल जिथल्या तिथेच राहील. बेताचे ओझे घेऊन जो बेताच्या वेगाने चालतो, तोच दिवसभरात सर्वांत अधिक माल वाहतो. म्हणून हमालाची शक्ती जाणावयाची तर ओझे किती आणि वेग किती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहाव्या लागतात. यंत्राचेही अगदी तसेच आहे.

ही गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉट या संशोधकाने ओळखली. त्याला आपली वाफेची इंजिने विकावयाची होती. ती घेणाऱ्या लोकांकडे त्या काळी घोडे काम करीत. “तुमचे इंजिन किती घोड्यांचे काम करील?” हा त्यांचा साधा प्रश्न असे. वॉटने घोड्याच्या कामाचा हिशेब करून एक माप ठरविले. सुमारे ७६ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलण्याइतकी शक्ती म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या मापाने ती ७४६ वॉट भरते. वॉट हे शक्तीचे एकक त्याच संशोधकाच्या नावावरून पडले आहे.

घोडा आणि यंत्र यांची ही तुलना मुंबईच्या रस्त्यांवरही घडली. ९ मे १८७४ रोजी मुंबईत ट्रामगाड्या सुरू झाल्या, तेव्हा त्या घोडे ओढीत असत. ७ मे १९०७ रोजी विजेवर चालणारी पहिली ट्राम धावली आणि घोड्यांच्या जागी मोटर आली. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली. पण ‘दादर टी. टी.’ या नावातील ‘ट्राम टर्मिनस’ ही अक्षरे अजून तिची आठवण देतात.

इंजिनाची शक्ती अमुक अश्वशक्ती आहे असे सांगणे सोपे. परंतु ते खरे की खोटे, हे कसे ताडून पाहावे? गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ साली त्यावर एक साधी युक्ती काढली. इंजिनाच्या फिरत्या चाकावर त्याने लाकडाचे दोन ठोकळे आवळून बसविले आणि ठोकळ्यांना एक लांब दांडा जोडला. चाक फिरू लागले की घर्षणामुळे ते ठोकळ्यांना आपल्याबरोबर ओढू पाहते. दांड्याच्या टोकाला वजन टांगून ती ओढ थोपविली, की त्या वजनावरून ओढीचे माप कळते. चाक मिनिटाला किती फेरे घेते, हे मोजले की शक्तीचा हिशेब पूर्ण होतो. ठोकळे जितके घट्ट आवळावेत, तितका इंजिनावर अधिक भार पडतो. सायकलचा ब्रेक दाबल्यावर चाकाला जसे जड जाते, तसेच हे आहे. म्हणून या साधनास प्रोनीचा ब्रेक असे म्हणतात. पुढे ठोकळ्यांऐवजी चाकाभोवती दोर किंवा पट्टा गुंडाळण्याची रीत आली. घर्षणाने चाक तापते, म्हणून मोठ्या यंत्रांची परीक्षा करताना त्यावर पाणी खेळवितात.

मुंबईत यंत्रविद्येचे शिक्षण देण्यासाठी १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. ती प्रथम भायखळ्यास होती. १९२३ साली ती माटुंग्यास आली. १९९७ पासून तिचे नाव वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट असे आहे. अभियांत्रिकी विद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांना मोटरवर भार घालून तिची परीक्षा घेण्यास शिकवितात. तेथील मोटरी मोठ्या आणि पट्टे रुंद असतात. परंतु हीच रीत अंगठ्याएवढ्या मोटरलाही लागू पडते. पट्ट्याच्या जागी दोरा आला, एवढाच काय तो फरक.

ती परीक्षा अशी. मोटर एका फळीवर पक्की बसवावी आणि तिच्या आसावर २ सेंटिमीटर व्यासाची गुळगुळीत कप्पी घट्ट बसवावी. वर एका आडव्या दांडीला दोन नाजूक ताणकाटे टांगावेत. एक दोरा कप्पीच्या खालून नेऊन त्याची दोन टोके दोन काट्यांना बांधावीत. मोटर थांबलेली असताना दोन्ही काटे सारखेच वजन दाखवितात. मोटर फिरू लागली की कप्पी दोऱ्याला एका बाजूला ओढते; मग एका काट्यावरचा ताण वाढतो आणि दुसऱ्यावरचा कमी होतो. या दोन ताणांतील फरक म्हणजेच मोटरची ओढ. दांडी किंचित वर उचलली की दोरा अधिक आवळतो व भार वाढतो. खाली आणली की भार कमी होतो. कप्पीवर पांढरा ठिपका लावून, प्रकाशाच्या साहाय्याने फेरे मोजणाऱ्या उपकरणाने वेग मोजतात.

समजा, एका काट्याने ३० ग्रॅम दाखविले आणि दुसऱ्याने १० ग्रॅम. फरक २० ग्रॅम. एवढ्या वजनाची ओढ म्हणजे सुमारे ०.२ न्यूटन बल. मोटर मिनिटाला ६,००० फेरे, म्हणजे सेकंदाला १०० फेरे घेत आहे. २ सेंटिमीटर व्यासाच्या कप्पीचा परीघ सुमारे ६.२८ सेंटिमीटर. म्हणून कप्पीची कड एका सेकंदात ६.२८ मीटर अंतर कापते. बल आणि दर सेकंदाचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ०.२ गुणिले ६.२८ म्हणजे सुमारे सव्वा वॉट. एवढाच हा हिशेब!

आता त्या भावंडांच्या मोटरींकडे वळावे. समजा, भावाची मोटर रिकामी असताना मिनिटाला १२,००० फेरे घेते. १० ग्रॅम ओढीला तिचे फेरे ९,००० होतात, २० ग्रॅमला ६,०००, ३० ग्रॅमला ३,००० आणि ४० ग्रॅमला ती थांबते. बहिणीची मोटर रिकामी असताना १०,००० फेरेच घेते. परंतु २० ग्रॅम ओढीला तिचे फेरे ७,००० राहतात आणि ३० ग्रॅमला ५,५००. म्हणजे ३० ग्रॅम ओढीला भावाची मोटर एक वॉटहूनही कमी शक्ती देते, तर बहिणीची १.७ वॉटच्या जवळपास. शर्यतीत गाडी, चाके आणि वळणे यांचा भार मोटरवर पडतोच. तेथे संथ सुराच्या मोटरने बाजी मारली, यात नवल ते काय!

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. भावाच्या मोटरने रिकामी असताना काम काहीच केले नाही, आणि ४० ग्रॅमला थांबल्यावरही काहीच केले नाही. तिचे सर्वांत अधिक काम २० ग्रॅमच्या भाराला, म्हणजे रिकाम्या वेगाच्या निम्म्या वेगाला झाले. कायम चुंबकाच्या लहान मोटरींत असेच आढळते. दादरच्या हमालाचा न्याय येथेही खरा ठरतो. म्हणूनच शर्यतीचे जाणकार परीक्षेतील आकडे कागदावर मांडून आलेख काढतात आणि गाडीतील दातेरी चाके त्याप्रमाणे निवडतात. दातेरी चाकांनी वेग कमी करून ओढ वाढविता येते, किंवा ओढ कमी करून वेग वाढविता येतो. परंतु मोटरच्या अंगी नसलेली शक्ती कोणतेही चाक तिला देऊ शकत नाही.

परीक्षा घेताना विजेचेही माप घेतात. मोटरला ३ व्होल्ट दाबाने १ अँपिअर वीज दिली, तर तिला ३ वॉट शक्ती मिळते. त्यांतील सव्वा वॉट कामी आली, तर उरलेली बहुतेक उष्णता होऊन वाया जाते. मोटर भाराने थांबली, की मिळालेली सारी वीज उष्णता बनते आणि तिच्या आतील तारा जळू शकतात. म्हणून थांबलेली मोटर क्षणभरही तशीच ठेवू नये. असे प्रयोग मोठ्या माणसांच्या देखत, लहान विद्युत्घटांवरच करावेत. घरातील विजेला ही मोटर कधीही जोडू नये.

खेळण्यात मोटर कमी पडली तर शर्यत हरते. कारखान्यात कमी पडली तर माणसांच्या पोटाचा प्रश्न येतो. परळ-लालबागच्या कापडगिरण्या पूर्वी वाफेच्या इंजिनांवर चालत. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून टाटा कंपनीची वीज मुंबईस येऊ लागली आणि गिरण्यांत हळूहळू मोटरी बसू लागल्या. मागावर काम करणाऱ्या विणकरास मजुरी मिळे ती विणलेल्या कापडाच्या मापाने. मोटर दुबळी असली, भार पडताच तिचा वेग मंदावला, तर मागही मंदावणार, कापड कमी निघणार आणि कष्ट तेवढेच करूनही विणकराच्या हाती पैसा कमी पडणार. मोटरवर कोरलेला अश्वशक्तीचा आकडा खरा आहे की नाही, हे पारखणे म्हणूनच केवळ हौसेचे काम नव्हते. आज त्या गिरण्यांपैकी बहुतेक बंद झाल्या आहेत. परंतु पंप असो, पंखा असो वा विजेवर धावणारी गाडी असो, तिच्या मोटरला आजही अशाच कसोटीतून जावे लागते.

भावाने आपली मोटर टाकून दिली नाही. त्याने कप्पी, दोरा आणि दोन ताणकाटे आणले, आणि बहिणीच्या मदतीने दोन्ही मोटरींचे आकडे वहीत लिहून काढले. त्याच्या मोटरला एका हलक्या कागदी पंख्याचे काम सोपविण्यात आले, आणि ते तिने उत्तम केले. पुढच्या वेळी दोघे लॅमिंग्टन रोडवर गेली, तेव्हा दुकानदाराने पुन्हा एक मोटर भिरभिरवून दाखविली. या वेळी भावाने कान टवकारले नाहीत. त्याने खिशातून दोरा काढला.