मक्यावरची अळी आणि फ्लूची लस

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये महाराष्ट्रात शिरली आणि मक्याचे पोंगे पोखरून तिने शेतकऱ्यांची झोप उडवली. याच अळीच्या पेशींत फ्लूची एक लस तयार होते, हे बांधावर कुणाला सांगितलं तर तो चेष्टाच समजेल.

फ्लूची लस अंड्यातच बनते, हा समज जुना आणि बराच काळ खराही होता. १९४० च्या दशकापासून कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवायचा, निष्क्रिय करायचा, शुद्ध करायचा, ही रीत. आजही बहुतेक डोस असेच येतात. पण २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ‘फ्लूब्लॉक’ला अंडं लागत नाही, फ्लूचा विषाणू वाढवावाही लागत नाही. विषाणूच्या अंगावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचा जनुक कीटकांच्या एका विषाणूत घालून तो अळीच्या पेशींत सोडतात. पेशी मुकाट्याने ते प्रथिन बनवतात. नेहमीच्या लसीत विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचं १५ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, हिच्यात ४५. (अख्खी अळी कुणी वाटत नाही, या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या असतात.)

अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी लस टाळावी, हेही आता मागे पडलं. २०२३ पासून अमेरिकेत त्यांना वयाला योग्य अशी कोणतीही फ्लूची लस घेण्याची मुभा आहे.

विषाणू रूप बदलतो म्हणून लस फसते, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. कधीकधी रूप अंड्यातच बदलतं. २०१६-१७ च्या हंगामात एच३एन२ विषाणू अंड्यात वाढताना त्याच्या हिमॅग्लुटिनिनवरची साखर चिकटण्याची एक जागा गेली. लस घेतलेल्यांच्या शरीराने या बदललेल्या विषाणूची ओळख पक्की केली. बाहेर फिरणारा मात्र त्यांना नीट ओळखता आला नाही. दोष अंड्याचा, बोल लागला लसीला.

आणि ‘लसीनेच फ्लू झाला’? टोचायच्या लसीत निष्क्रिय विषाणू, त्याचे तुकडे किंवा नुसतं प्रथिन असतं. त्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, कणकण येते, ती शरीराची प्रतिक्रिया.

नाकातली लस जिवंत असते, पण तिच्यातला विषाणू थंडाव्याला सरावलेला: नाकात वाढतो, फुप्फुसाच्या उबेत नाही. ही परदेशी चैन नव्हे. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, शहर मास्कआड गेलं. पुढच्याच वर्षी हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची ‘नेझोव्हॅक’ बाजारात आणली.