सोळा बिट की चोवीस बिट?



गाणे संपते, तबला थांबतो आणि तंबोऱ्याचा अखेरचा झंकार शांततेत विरत जातो. तो नेमका कोठे संपला, हे भल्या कानालाही सांगवत नाही. आजचा प्रश्न त्याच सीमेवरचा आहे. तेच गाणे सोळा बिटांचे आणि चोवीस बिटांचे अशा दोन प्रतींत मिळते, आणि दुसरीस पुष्कळदा दाम अधिक पडते. हा भेद कानाला खरोखर कळतो काय?

अंकीय ध्वनिमुद्रणात ध्वनिलहरीचे माप सेकंदाला हजारो वेळा घेतात. १९८२ साली विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ते ४४,१०० वेळा घेतलेले असते. ज्या पट्टीवर हे माप नोंदायचे, तिच्यावरील खुणांची संख्या बिटांवरून ठरते. सोळा बिटांना ६५,५३६ खुणा, तर चोवीस बिटांना १,६७,७७,२१६.

खुणा वाढल्या म्हणजे स्वर अधिक मुलायम होतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. माप दोन खुणांच्या मध्ये पडले की ते जवळच्या खुणेवर सरकवावे लागते. ही चूक स्वराला चिकटून त्याला विकृत करू नये, म्हणून तंत्रज्ञ हेतुपुरस्सर किंचित खरखर मिसळतात. मग उरते ती केवळ मंद, एकसारखी खरखर. प्रत्येक बिटामागे ती सुमारे ६ डेसिबलने खाली जाते. सोळा बिटांत सर्वांत मोठा ध्वनी आणि ही खरखर यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर असते. शांत म्हटल्या जाणाऱ्या घरातही सुमारे ३० डेसिबलचा आवाज असतोच. त्याखाली ती खरखर बुडून जाते.

प्रयोगांची साक्षही अशीच आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली; नाणे उडवूनही एवढीच आली असती. मात्र आवाज फारच वाढविला, तर शांत जागी सोळा बिटांची खरखर ऐकू आली. लंडनचे जोशुआ रीस यांनी २०१६ साली अठरा अभ्यास एकत्र तपासले. त्यांत बिटांखेरीज सेकंदातील मापांची संख्याही वाढविलेली होती. तरी बरोबर उत्तरे ५२.३ टक्केच भरली. शिक्षित कानांचे यश काहीसे अधिक होते.

मग चोवीस बिट व्यर्थ काय? मुळीच नाही. गवयाची तान केव्हा उसळेल याचा नेम नसतो, म्हणून मुद्रण करताना वर मोकळी जागा ठेवावी लागते. ती चोवीस बिटांत निर्धास्तपणे ठेवता येते, आणि पुढील संस्कारांनाही वाव राहतो. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या जतनासाठीही तेच माप योग्य. परंतु बडोद्याच्या दरबारात गायिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ फेऱ्यांची तबकडी चोवीस बिटांत उतरविली, म्हणून तिच्यात मूळची नसलेली गोडी येणार नाही. तबकडीची खरखर सोळा बिटांच्या खरखरीहून कितीतरी मोठी असते.

अधिक दाम मोजण्यापूर्वी घरीच परीक्षा घ्यावी. दोन्ही प्रती एकाच मूळ मुद्रणाच्या असाव्यात आणि आवाज तंतोतंत सारखा ठेवावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच सरस भासतो. प्रत दुसऱ्याने, आपल्याला न दाखविता बदलावी. सोळा वेळांपैकी निदान बारा वेळा ओळख पटली, तर तो केवळ योगायोग असण्याचा संभव शेकडा चारांहूनही कमी. तसे घडले नाही, तर ते पैसे दुसऱ्या एखाद्या गाण्यासाठी राखून ठेवणेच शहाणपणाचे.