चेक दिला म्हणजे पैसे दिले काय?

‘चेक दिला आहे ना, मग आतां आणखी काय पाहिजे?’ हें वाक्य आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं ऐकिलें असेल, आणि कांहींनीं उच्चारिलेंहि असेल. आम्ही दोन्ही वर्गांत मोडतों. ऐकतांना तें वाक्य बोचतें, उच्चारतांना मात्र अगदीं न्याय्य वाटतें. असें कां व्हावें, याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर ज्या रीतीनें आला, ती हकीकत प्रथम सांगतों.

आमचें घर सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावरील कुंभारी या गांवीं आहे. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून वडिलार्जित जमिनीकडे आम्ही व आमचे धाकटे बंधु मिळून पाहतों. २०२५ सालच्या सप्टेंबरांत सोलापूर जिल्ह्यांत अतिवृष्टि झाली व सीनेच्या कांठचीं कित्येक गांवें पाण्यांत गेलीं. आमच्याकडे तितका अनर्थ झाला नाहीं. तरी उडिदाचें अर्धें पीक रानांतच कुजलें. जें हातीं लागलें तें एका व्यापाऱ्यास घातलें, आणि त्यानें ३८,४०० रुपयांचा चेक आमच्या हातीं ठेविला. बुधवार, ता. ८ ऑक्टोबर रोजीं सकाळींच आम्हीं तो आपल्या बँकेंत भरला. त्या पैशांतून उडीद काढणाऱ्या पांच बायांची मजुरी द्यावयाची होती व ज्वारीच्या पेरणीसाठीं ट्रॅक्टर सांगावयाचा होता. पावसानें तुंबलेलें रान नुकतेंच वाफशावर आलें होतें.

दुसऱ्या दिवशीं पैसे जमा नाहींत. तिसऱ्या दिवशींहि नाहींत. बँकेंतील गृहस्थ मोठ्या सौजन्यानें म्हणाले, “गुरुजी, चार तारखेपासून नवी पद्धत सुरू झाली आहे. आतां चेक त्याच दिवशीं वटतो.”

“मग आमचा?”

“तो सिस्टीममध्यें आहे.”

सिस्टीम हें गांव कोणत्या तालुक्यांत आहे व तेथें जावयास एस.टी. मिळते कीं काय, असें विचारण्याचा मोह आम्हीं आवरला. पुढें दुसरा शनिवार आला, मग रविवार आला. त्या रविवारीं सायंकाळीं पांच बायांपैकीं एक आमच्या दारीं येऊन उभी राहिली. आम्हीं तिला सांगितलें कीं, चेक भरला आहे, वटला कीं देतों. ती म्हणाली, “मास्तर, पैसं बँकेत हायत म्हनता, मग आमच्या हातात कवा येतील? पोरीला दिवाळीचं कापड घ्यायचं हाय.”

आम्ही तिला क्लिअरिंग म्हणजे काय हें समजावून सांगूं लागलों. चाळीस वर्षें मुलांस शिकविल्याची ती खोड आहे. इतक्यांत आमची भावजय स्वयंपाकघरांतून बाहेर आली. दिवाळीच्या फराळासाठीं बाजूस ठेविलेले पैसे तिच्या हातांत होते. पांचहि जणींची मजुरी तिनें मोजून दिली, आणि ती बाई गेल्यावर आम्हांस एवढेंच म्हणाली, “दादा, चेक तुमचा आहे. तो वटण्याची वाट त्यांनीं कां पाहावी?”

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. व्यापाऱ्यानें जें वाक्य आम्हांस ऐकविलें, तेंच आम्हीं त्या बाईस ऐकविलें होतें.

‘वटणें’ हा शब्द बँकांहून पुष्कळ जुना आहे. आपल्याकडे हुंडी वटत असे. दर्शनी हुंडी दाखवितांच तिचे पैसे द्यावयाचे, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवशीं द्यावयाचे. हुंडी वाटेंत हरवली तर तिची दुसरी प्रत पेठ व तिसरी परपेठ म्हणून लिहून मिळे. एका गांवचा सावकार दुसऱ्या गांवच्या सावकारावर हुंडी लिही, आणि ती वटली नाहीं तर लिहिणाराची पत बाजारांतून उठे. कागद उंटावरून अथवा जासुदाच्या पिशवींतून जात असल्यामुळें विलंब होई. परंतु तो रस्त्याचा विलंब असे. पेढीवर हुंडी पोंचल्यावर तिला उगाच बसवून ठेवणें ही नामुष्कीची गोष्ट होती.

आमच्याच जिल्ह्यांतील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घरोघरीं ठाऊक आहे. दुष्काळांत त्यांनीं सरकारी धान्याचीं कोठारें भुकेल्यांसाठीं मोकळीं केलीं. बेदरच्या बादशहानें त्यांना पकडून आणविलें; परंतु ते दरबारीं पोंचण्यापूर्वींच विठोबानें सेवकाच्या रूपानें जाऊन धान्याची सारी रक्कम भरली व पावती घेतली, असें कथा सांगते. कथेंतील चमत्कार क्षणभर बाजूस ठेवूं. देवानें येथें रक्कम तर पुरी भरलीच, पण ती वेळेंत भरली, आणि सारी कथा त्या वेळेवर उभी आहे. तेच पैसे आठ दिवस उशिरा पोंचते, तर दामाजीपंतांचें काय झालें असतें?

आतां चेकाचा प्रवास पाहूं. आम्ही नोकरीस लागलों त्या काळीं बाहेरगांवचा चेक म्हणजे एक यात्रेकरूच असे. तो आपल्या शाखेंत भरावयाचा. तेथून तो डाकेनें ज्या शाखेवर लिहिला असेल तिकडे जावयाचा. तेथें सही व शिल्लक पाहावयाची. आणि मग मान्यतेचा निरोप तसाच डाकेनें परत यावयाचा. तीन आठवडे लागले तरी कोणी आश्चर्य करीत नसे. शहरांतल्या शहरांत निरनिराळ्या बँकांचे कारकून एका ठिकाणीं जमून परस्परांचे चेक बदलीत व शेवटीं उरलेला फरक तेवढा देत. ही युक्ति लंडनच्या बँकांच्या कारकुनांनीं अठराव्या शतकांत काढिली. दारोदार हिंडण्याचा कंटाळा येऊन ते एका खाणावळींत जमूं लागले, आणि त्यांतून पुढें क्लिअरिंग हाऊस ही संस्था निघाली, असें सांगतात.

आपल्या देशांत १९८० नंतरच्या दशकांत चेकाच्या तळाशीं चुंबकीय शाईचे आंकडे आले व चेकांची निवड यंत्रें करूं लागलीं. पुढें कागद हिंडविण्याचेंच कारण उरलें नाहीं. चेक भरलेल्या बँकेंतच राहतो व त्याचें चित्र तेवढें तारेनें पुढें जातें. ही पद्धति नवी दिल्लींत १ फेब्रुवारी २००८ रोजीं प्रयोगादाखल सुरू झाली. २०११ मध्यें ती चेन्नईस आली व २०१३ मध्यें मुंबईस. तरीहि दिवसाचे चेक गठ्ठ्यानें जात, आणि पैसे मिळावयास बहुधा दुसरा दिवस उजाडे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनें गठ्ठेहि मोडले. सकाळीं दहापासून दुपारीं चारपर्यंत चेक जसजसे येतील तसतशीं त्यांचीं चित्रें पाठवावयाचीं, आणि देणाऱ्या बँकेनें सायंकाळीं सातच्या आंत होकार अथवा नकार कळवावयाचा. ती गप्प बसली तर होकार धरावयाचा, आणि हिशेब पुरा झाल्यावर एका तासाच्या आंत खातेदारास पैसे द्यावयाचे, असा नियम केला. तीन तासांत उत्तर देण्याची दुसरी पायरी ३ जानेवारी २०२६ पासून यावयाची होती. ती मात्र पुढें ढकलण्यांत आली.

नियम इतका नेटका असतां आमचा चेक आठ दिवस कोठें होता? नव्या व्यवस्थेच्या आरंभीं ठिकठिकाणीं असेच चेक अडकल्याच्या तक्रारी त्या महिन्यांत वृत्तपत्रांतून येत होत्या. त्यांत आमचाहि एक. यंत्र क्षणांत चित्र पाठवील. पण ज्या हातानें चेक यंत्रांत घालावयाचा तो हात, चित्र अस्पष्ट निघालें तर दुसरें काढणारा हात, खात्यावर जमा झाली कीं नाहीं हें पाहणारा हात, हे माणसांचेच असतात. त्यांना वेळेंत शिकविलें नाहीं, तर रस्त्याचा विलंब जाऊन मेजाचा विलंब मागें उरतो.

आणि या विलंबांत पैसा नाहींसा होत नसतो. देणाराच्या खात्यावरून गेलेला व घेणाराच्या खात्यावर न आलेला पैसा मधल्या काळांत कोणाच्या तरी उपयोगीं पडतो. फक्त ज्याचा आहे त्याच्या उपयोगीं पडत नाहीं. संस्कृतांत ऋण देणारास उत्तमर्ण व घेणारास अधमर्ण म्हणतात. आजच्या व्यवहारांत उत्तमर्णच खेटे घालतो आणि अधमर्ण गादीवर बसून ‘चेक दिला आहे’ म्हणतो, हा शब्दार्थाचा विपर्यास नव्हे काय? मनूनें वादाचीं जीं अठरा पदें सांगितलीं त्यांत पहिलें ऋणादान, म्हणजे कर्जाची वसुली. आणि वेतनादान, म्हणजे मजुरी न देणें, याचेंहि त्यांत स्वतंत्र स्थान आहे. कर्जाहून मजुरी निराळी मानिली, कारण सावकार थांबूं शकतो, मजूर थांबूं शकत नाहीं.

आजचा कायदाहि चेक हें सशर्त देणें मानितो. चेक वटला तरच तें देणें पुरें होतें. शिल्लक नसल्यामुळें चेक परत आला, तर १८८१ च्या कायद्यांतील १३८ वें कलम आहे. तें १ एप्रिल १९८९ पासून अमलांत आलें. बँकेकडून खबर मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावयाची, आणि ती पोंचल्यावर पंधरा दिवसांत पैसे न आल्यास पुढील एक महिन्यांत फिर्याद करावयाची. उंसाच्या बाबतींत १९६६ च्या आदेशानें चौदा दिवसांची मुदत घातली असून त्यापुढील विलंबास शेंकडा पंधरा व्याज सांगितलें आहे. आमच्या साखरेच्या जिल्ह्यांत हा आंकडा पोरासोरांस पाठ आहे. बँकेच्याच मेजावर चेक रेंगाळला तर भरपाईविषयीं बँकेचें धोरण असतें, तें मागून वाचावें. लेखी तक्रारीस तीस दिवसांत उत्तर आलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, हेंहि घरांतील वृद्धांनीं ध्यानांत ठेवावें. पूर्वीं सहा महिने चालत असे; हा बदल १ एप्रिल २०१२ पासूनचा आहे.

परंतु कायदा मोठ्या रकमांच्या कामाचा. पांच बायांच्या मजुरीसाठीं कोण लोकपालाकडे जाणार? तेथें गृहस्थाचा आचारच उपयोगी. खात्यांतून खात्यांत पैसे रात्रीं-अपरात्रींहि पाठवितां येतील अशी सोय १६ डिसेंबर २०१९ पासून झाली आहे, आणि फोनवरून तर चहाचेहि पैसे देतां येतात. असें असतां एखादा सधन मनुष्य सुताराला, गवंड्याला अथवा शिकवणीच्या मास्तराला मुद्दाम चेक देतो व तोहि पुढच्या तारखेचा देतो, तेव्हां तो सोय पाहत नसून विलंब विकत घेत असतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याकडून भरवून घेत असतो.

आमचे पैसे गुरुवारीं, ता. १६ रोजीं, म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशीं जमा झाले. विलंबाचें कारण कोणीं सांगितलें नाहीं. ट्रॅक्टरवाला तोंवर दुसऱ्याच्या रानांत गेला होता. तो सांपडेपर्यंत आणखी दोन दिवस गेले, आणि वरची ओल उडून गेली. एका तुकड्यांत ज्वारी विरळ उगवली. ती तूट कोणत्या खात्यावर लिहावी, हें आम्हांस अजून सांपडलें नाहीं.

आमच्या भावजयीनें मात्र आपल्यापुरती व्यवस्था केली आहे. फडताळांत एक पितळी डबा ठेविला असून त्यांत एका हंगामाच्या मजुरीइतके पैसे नेहमीं असतात. माल विकला जावो वा न जावो, चेक वटो वा न वटो, काम संपलें कीं त्या सायंकाळीं डबा उघडतो. व्यापाऱ्याचे पैसे आले म्हणजे ते प्रथम त्या डब्यांत पडतात, मग आमच्या खात्यांत. गेल्या हंगामांत एकहि बाई दोनदां दारीं आली नाहीं.