बायपास झाली, आता पेशंट घरी येणार : घरात आधी काय तयारी करून ठेवायची?

ऑपरेशनसाठी पैसे गोळा होतात, योजनेचे कागद होतात, रक्त द्यायला पोरं गाडी भरून जातात. पण डॉक्टर ‘उद्या डिस्चार्ज’ म्हणाले की घरात धावपळ सुरू. झोपायचं कुठं, संडासला कसं न्यायचं, अंघोळ घालायची की नाही, भाकरी द्यायची का पेज. हे सगळं पेशंट दारात आल्यावर ठरवलं जातं आणि तिथंच चुका होतात. बायपासनंतर साधारण आठवडाभरात घरी सोडतात. म्हणजे पेशंट दवाखान्यात असतानाच गावाकडं थांबलेल्या माणसांनी घर तयार करायला हवं. ऑपरेशनची तारीख आधी मिळालेली असेल तर त्याहून बरं.

पहिल्यांदा आत काय झालंय ते समजून घेऊ, म्हणजे बाकीच्या सूचना का आहेत ते कळेल. बायपास असो, झडप बदलणं असो की हृदयाचं छिद्र बुजवणं, बहुतेक वेळा छातीचं मधलं हाड वरपासून खालपर्यंत उभं कापावं लागतं. काम झाल्यावर ते हाड स्टीलच्या तारेनं घट्ट बांधतात. ती तार आयुष्यभर आतच राहते, तिचा त्रास सहसा होत नाही. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत जुळते आणि माणूस म्हणतो, ‘मी बरा झालो.’ पण आतलं हाड पकडायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पूर्ण भक्कम व्हायला तीन महिने. हात मोडल्यावर प्लास्टर दिसतं, म्हणून कोणी त्या हाताला काम सांगत नाही. छातीला प्लास्टर घालता येत नाही, एवढाच फरक आहे. आणि हा फरकच महागात पडतो.

(फुप्फुसाचं ऑपरेशन बहुतेक वेळा बगलेखालून, बरगड्यांमधून करतात. काही बायपासही आता छोट्या छेदातून होतात. त्यांचे नियम थोडे वेगळे असतात, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.)

वजन : हंडा, पंप, नातू

डॉक्टर सांगतात, ‘दोन-चार किलोच्या वर उचलायचं नाही.’ पेशंट मान हलवतो. पण गावात किलोचा हिशोब कोण करतो? म्हणून असं धरा : एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा भरलेला हंडा पंधरा किलोच्या पुढं गेला. अंघोळीची अर्धी बादलीसुद्धा सात-आठ किलो भरते. फवारणीचा पाठीवरचा पंप सोळा लिटरचा, शिवाय त्याचे पट्टे खांद्यावरून छातीलाच ओढतात. वैरणीचा भारा, खताची गोणी, सिलिंडर यांचं नावच नको. दीड वर्षाचा नातू दहा किलोच्या आसपास असतो. तो ‘आजोबा, उचल’ म्हणून हात वर करतो तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं. आजोबांना खुर्चीत बसवा आणि पोराला दुसऱ्या कुणीतरी हळूच त्यांच्या मांडीवर ठेवा. छातीला धडक मारू देऊ नका, बस.

उचलणं जेवढं वाईट तेवढंच ओढणं आणि ढकलणं. विहिरीतून पोहरा शेंदणं, हापसा हापसणं, बैल किंवा म्हैस दाव्याला धरून ओढणं, शटर वर करणं, मोटारसायकलला किक मारणं हे सगळं तीन महिने बंद. जनावराचा तर भरवसाच नाही, एका हिसक्यात काम होतं. म्हशीची धार दुसऱ्याकडं द्या. उसाला दारं धरायला रात्री जायचं असेल तर भावकीत आधीच बोलून ठेवा. पाळीपाळीनं कोण काय बघणार हे ऑपरेशनच्या आधी ठरलं नाही तर माणूस पंधराव्या दिवशी ‘नुसती मोटार चालू करून येतो’ म्हणत शेताकडं निघतो.

बाईचं ऑपरेशन झालं असेल तर ही अडचण दुप्पट. पुरुष बाजेवर पडून राहिला तर चालतं, बाईला मात्र आठ दिवसांत चुलीपुढं बसावं लागतं, कारण कुणी सांगतच नाही की बसू नका. पीठ मळणं, भाकरी थापणं, धुणं पिळणं, पाणी भरणं या प्रत्येक कामात हातांचा जोर छातीवर येतो. सूनबाई नसेल, लेक लांब असेल, तर दोन महिन्यांसाठी बहिणीला किंवा मावशीला आणून ठेवायची व्यवस्था करा. भाज्या निवडणं, शेंगा सोलणं, बसून देवपूजा करणं हे चालतं. आणखी एक गोष्ट, जी कुणी मोकळेपणानं सांगत नाही : स्तनांच्या वजनानं टाक्यांवर ताण येतो आणि जखम ओढली जाते. म्हणून पुढून बटण असलेली, तार नसलेली, आधार देणारी सुती ब्रा वापरायला सांगतात. नर्सताईंना विचारायला लाजू नका.

झोपायची जागा आणि संडास

जमिनीवर अंथरूण नको. जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकून जोर लावावा लागतो. खोलगट झालेली बाजही नको. गुडघ्याएवढ्या उंचीचा, टणक गादीचा पलंग किंवा कॉट बघा, आणि पाठीमागं दोन-तीन उशा. सुरुवातीला थोडं उंच, पाठीवरच झोपायचं असतं.

उठवताना घरातली माणसं प्रेमानं एक चूक हमखास करतात. दोन्ही हात धरून ओढतात किंवा बगलेत हात घालून उचलतात. काही जण पलंगाला दोरी बांधून देतात, ‘हिला धरून उठा’ म्हणून. हे तिन्ही प्रकार कापलेल्या हाडाला फाकवणारे आहेत. पद्धत अशी : पेशंटनं छातीशी उशी घट्ट धरायची, गुडघे वाकवून कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, आणि मदत करणाऱ्यानं पाठीला मागून हात द्यायचा. हात जितके अंगाजवळ राहतील तितकं चांगलं.

संडासचा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडं उकिडवं बसायचं आणि उठताना नळाला, भिंतीला धरून जोर करायचा. त्यापेक्षा मधोमध भोक असलेली कमोड खुर्ची मिळते, मोठ्या मेडिकलमध्ये विकत, काही ठिकाणी भाड्यानंही. ती भांड्यावर ठेवता येते. संडास घराबाहेर असेल तर वाटेत दिवा लावा, शेवाळलेली फरशी घासून घ्या, पायात न घसरणारी चप्पल. दाराला आतून कडी नको.

बद्धकोष्ठ तर ठरलेलंच, कारण दुखणं थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी पोट बांधतं आणि हालचाल कमी असते. कुंथायचं मात्र नाही. पालेभाजी, पपई, रात्री इसबगोल, आणि तरीही नाही झालं तर डॉक्टरांना फोन करून औषध घ्या. पाणी किती प्यायचं हे डिस्चार्जच्या कागदावर बघा. हृदय अशक्त असेल तर पाण्यावरही मर्यादा घातलेली असते, तिथं ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला चालत नाही.

जखम

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अंघोळ घालायला हरकत नाही. स्टुलावर बसवून, कोमट पाण्यानं, साध्या साबणानं. जखम घासायची नाही. स्वच्छ पंचानं टिपून कोरडी करायची. त्यावर हळद, तेल, पावडर, कुठला लेप, काही म्हणजे काही लावायचं नाही. देवाचा अंगारा कपाळाला लावा, जखमेला नको. ज्यांच्या पायातून शीर काढली आहे त्यांचा तो पाय काही आठवडे सुजतो. बसताना पाय लोंबकळत ठेवू नका, समोर स्टूल ठेवून त्यावर घ्या.

साखरेचा आजार असेल तर जखम भरणं साखरेवरच अवलंबून आहे. भेटायला येणाऱ्यांनी आणलेले पेढे आणि बिस्किटं पोरांना वाटून टाका.

भेटायला येणाऱ्यांबद्दल स्पष्टच लिहितो. आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर वाईट दिसतं, त्यामुळं पहिल्या आठवड्यात शंभर माणसं येऊन जातात. प्रत्येकाला तोच किस्सा सांगून पेशंट दमतो, त्यात कुणाला खोकला, कुणाला सर्दी. पंधरा दिवस तरी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यानं ओसरीवरच चहा पाजून लोकांना परत पाठवावं. राग येईल, नंतर जाईल.

श्वास आणि चालणं

दवाखान्यातून तीन रंगीत गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र मिळतं. बरेच जण ते फुंकतात. ते फुंकायचं नसतं, नळीतून हवा आत ओढायची असते, हळू आणि लांब, म्हणजे गोळे वर जातात. जागेपणी दर तासाला दहा वेळा. यानं फुप्फुसाचा खालचा भाग उघडतो आणि न्यूमोनियाचा धोका कमी होतो. खोकला आला तर दाबून ठेवू नका, छातीशी उशी आवळून खोका. कफ बाहेर पडला पाहिजे. पेशंटच्या खोलीत चुलीचा धूर, मच्छरची कॉइल, मळणीची धूळ येणार नाही असं बघा. विडी, तंबाखू, गुटखा आणि मिसरी कायमची बंद. मिसरी म्हणजे तंबाखूच, हे पुन्हा एकदा सांगतो.

पडून राहणं हा आराम नव्हे. पहिल्या दिवसापासून अंगणात पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा चालायचं आणि रोज थोडं वाढवत सहा आठवड्यांत अर्ध्या तासापर्यंत न्यायचं. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. मोटारसायकल, रिक्षा किंवा गाडी चालवणं किमान सहा आठवडे नाही, ट्रॅक्टरचे धक्के तर त्याहून जास्त दिवस टाळा. दवाखान्यातून घरी येतानाही एसटी किंवा दुचाकी नको. चारचाकी ठरवा, छाती आणि पट्ट्याच्या मध्ये उशी धरा, आणि लांबचा रस्ता असेल तर तासा-दीड तासानं उतरून चार पावलं चाला.

गोळ्या

‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंद करणं, यासारखी धोक्याची गोष्ट दुसरी नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद केली तर नवीन जोडलेली नळी बंद पडू शकते. डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलवर ठेवा. फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं असेल तर घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणी पॅकेजमध्येच धरलेली असते. ती मिळाली नाही तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा किंवा १५५३८८ वर फोन करा. अकराव्या दिवसापासूनच्या गोळ्यांचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेवा. जेनेरिक औषधं कुठं मिळतील तेही बघून ठेवा.

अंग दुखलं म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी परस्पर घेऊ नका. ज्यांना धातूची झडप बसवली आहे त्यांना रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्ताची आयएनआर तपासणी ठरलेल्या वेळी करावी लागते. त्यांनी कमरेत सुई टोचून घ्यायच्या आधी, दात काढायच्या आधी डॉक्टरला हे सांगितलंच पाहिजे. पालेभाजी सोडायची गरज नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असंही नको, कारण त्यानं गोळीचा हिशोब बिघडतो. कुणाची झाडपाल्याची पुडी तर बिलकूल नको.

जेवणाला पहिले दोन-तीन आठवडे चव लागत नाही. थोडं थोडं, चार-पाच वेळा द्या : वरण, मोड आलेली मटकी, अंडं, ताक. पापड, लोणचं, सुकट यांतलं मीठ अंगात पाणी धरतं, म्हणून ते बाजूला. एक वजनकाटा घ्या आणि रोज सकाळी वजन लिहा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते अन्न नव्हे, पाणी आहे. लगेच फोन करा.

मनाचंही थोडं. धडधाकट गडी ऑपरेशननंतर उगाच रडतो, चिडतो, रात्री झोपत नाही, नावं विसरतो. बाहेरची बाधा वगैरे काही नसते. पहिल्या काही आठवड्यांत हे बऱ्याच जणांना होतं आणि जातं. दोन आठवड्यांच्या वर उदासी राहिली, जेवणावरचं मन उडालं, तर तपासणीला जाल तेव्हा हेही सांगा. नवरा-बायकोच्या संबंधाबद्दलही कुणी विचारत नाही. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, दोन मजले जिने धाप न लागता चढता येत असतील, तर बहुतेकांना हरकत नसते. पण छातीवर भार येऊ देऊ नये, आणि त्यासाठीची ताकदीची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. हृदयाच्या काही औषधांसोबत ती जिवावर बेतते.

कधी थांबायचं नाही

श्वास घेताना किंवा कूस बदलताना छातीच्या हाडात कटकट आवाज येणं, हाड हललेलं जाणवणं, जखमेतून पू किंवा पाणी येणं, लाली वाढणं, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, काळी संडास, पोटरी अचानक सुजून दुखणं : यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या दवाखान्याला फोन करा. जखमेचा फोटो पाठवायला सांगतील, तो उजेडात काढा. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला, आडवं झाल्यावर दम कोंडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, थेट १०८ ला लावा. गाडी घरापर्यंत येत नसेल तर एका पोराला फाट्यावर उभं करा, आणि डिस्चार्ज कार्डाची पिशवी पेशंटच्या उशाशीच टांगलेली असू द्या.