हाय-हॅलोच्या पुढे काय?

सोमवारची सकाळ. लिफ्टमध्ये फक्त तुम्ही आणि लंडनच्या ऑफिसमधून आठवडाभरासाठी आलेले मोठे साहेब. साहेब हसून म्हणतात, 'मॉर्निंग! हाऊ आर यू?' शाळेत घोटून घेतलेलं उत्तर तुमच्या तोंडून सुटतं, 'आय ॲम फाइन, थँक यू.' मग सातव्या मजल्यापर्यंत शांतता. तुम्ही मोबाइल काढता. लिफ्टमध्ये रेंज नसते, तरी त्यात बघत राहता.

ही शांतता माझ्या चांगल्या ओळखीची आहे. बार्शीहून पुण्यात पहिल्या नोकरीला लागले, तेव्हा मेल, रिपोर्ट सगळं इंग्रजीत धडाधड लिहायचे. वर्षअखेरीला अप्रेझलमध्ये शेरा आला : काम उत्तम, पण कुणात मिसळत नाही, जरा शिष्ट वाटते. मी आणि शिष्ट? चुकेल या भीतीने गप्प बसणारी मुलगी समोरच्याला शिष्ट दिसते, हे मला तेव्हा कळलं. परदेशी क्लायंटकडे जाणाऱ्यांच्या यादीत त्या वर्षी माझं नाव नव्हतं.

खरं तर मराठीत आपण या खेळात पटाईत असतो. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात हेल्मेट, घड्याळात पावणेनऊ. तरी जिन्यात शेजारच्या काकू विचारतातच, 'काय गं, निघालीस ऑफिसला?' त्यांना माहिती नको असते. 'हो काकू, निघाले' म्हटलं की दोघी खूश. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये अशा बोलण्याला नावच देऊन टाकलं, 'फॅटिक कम्युनियन'. म्हणजे काही कळवण्यासाठी नाही, तर नातं राखण्यासाठी बोलणं. 'हाऊ आर यू' हे त्यातलंच. तिथे ॲसिडिटीचा त्रास सांगायचा नसतो. 'गुड, थँक्स. हाऊ वॉज युअर वीकेंड?' म्हणून प्रश्न परत टोलवायचा.

घोळ होतो तो काकूंचेच प्रश्न इंग्रजीत नेल्यावर. 'कुठे निघालात?', 'बारीक झालात हो', 'लग्न झालं का?' यात आपल्याकडे माया असते. ब्रिटिश माणसाला मात्र त्या चौकश्या वाटतात. म्हणून तो हवामानावर बोलतो. 'बिट चिली टुडे, इजंट इट?' यातलं 'इजंट इट' म्हणजे आपलं 'थंडी आहे ना?' मधलं 'ना'. त्याला तापमान नको असतं, होकार हवा असतो. तुम्हाला उकडत असलं तरी आधी मान डोलवा, मग काय ते बोला.

आणि उच्चारांचं फार मनावर घेऊ नका. 'पिग्मॅलियन' नाटक आठवा, ज्यावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं. शॉच्या एलायझाला बजावून पाठवलेलं असतं की हवामान आणि तब्येत, एवढंच बोलायचं. ती अस्खलित उच्चारांत हवामानाचं अख्खं बुलेटिन वाचून दाखवते आणि मग मावशीचा घरच्यांनीच काटा काढला असणार, हे सांगत सुटते. उच्चार पक्के, गप्पांचा मात्र पार बोऱ्या!

नम्रपणाचं म्हणाल, तर प्रत्येक वाक्याला 'प्लीज' चिकटवून भागत नाही. 'सेंड मी द फाइल, प्लीज' हा प्लीज लावलेला हुकूमच. आपल्याकडे 'तुम्ही', 'अहो', 'जरा' जे काम करतात, ते इंग्रजीत क्रियापदावर पडतं : 'कुड यू सेंड मी द फाइल?' किंवा आणखी अदबीने, 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...' आत्ताच विचारतोय, मग 'वॉज' कशाला, असं क्लासमध्ये कुणीतरी हमखास विचारतं. पण साहेबांच्या केबिनच्या दाराशी उभं राहून आपण काय म्हणतो? 'सर, जरा बोलायचं होतं.' काम आत्ताचं, क्रियापद भूतकाळातलं. ही युक्ती तुम्ही लहानपणापासून वापरताय.

'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' यावर आपण उत्साहाने 'यस, यस!' म्हणतो आणि बिचारा ट्रे घेऊन दुसरं टेबल शोधतो. प्रश्नाचा अर्थ 'तुमची हरकत नाही ना?' असा आहे. त्याला 'नाही नाही, बसा की' म्हणतो, तसंच इथे 'नॉट ॲट ऑल.' आणि 'वी मस्ट हॅव लंच समटाइम' ऐकून लगेच कॅलेंडर उघडू नका. ते आपलं 'या एकदा घरी' असतं. पुढे वार आणि वेळ आली, तरच ते आमंत्रण.

निरोपही थेट घ्यायचा नसतो. आपण 'जाते' न म्हणता 'येते' म्हणतो. इंग्रज म्हणतो, 'आय विल लेट यू गेट ऑन.' कंटाळलेला तो असतो, पण सोडतो तुम्हाला! त्यावर हसून 'हॅव अ गुड डे' म्हणायचं. तुम्हाला कुणी तसं म्हटलं, तर 'यू टू'.

फक्त ते 'यू टू' जरा जपून. चेक-इन काउंटरवरच्या मुलीने 'हॅव अ सेफ फ्लाइट' म्हटल्यावर मी तिलाही 'यू टू' म्हणून आलेय. ती हसली, मीही हसले, आणि माझ्या मागचे काकाही.